तारकर्ली-नेत्राणीला डाइव्ह करून त्याच दिवशी घाट चढून सोलापूरला यावं का?

होटगीरोडकर

दिवाळीनंतर आपल्या सोलापुरातून स्कुबाला जाणारे आता बरेच दिसतात. कुणी तारकर्लीला, कुणी गोव्याला, आणि ज्यांनी रीतसर कोर्स केलाय ते कर्नाटकातल्या मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नाही, हे यातल्या बहुतेकांना ठाऊक असतं. गाडीनं घाट चढण्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. सकाळी दोन डाइव्ह, दुपारी सुरमईचं ताट, तीन वाजता गाडी फोंडा घाटाच्या दिशेनं आणि रात्री अकरापर्यंत घरी, असा बेत सर्रास ठरतो. सोमवारी ऑफिस असतं ना!

मुंबईकरांना हा प्रश्न फारसा पडत नाही. मालवणहून निघाले की ते कोकणातूनच वर जातात. वाटेत कशेडीसारखे घाट लागतात, पण ते लहान, आणि चढून झाले की पुन्हा खाली उतरतात. आपलं तसं नाही. समुद्रावरून सोलापूरला यायचं तर सह्याद्री चढावाच लागतो आणि चढल्यावर आपण वरच राहतो. आंबोली साधारण ७०० मीटरवर. बेळगाव साडेसातशेच्या आसपास. नेत्राणीहून अंकोला, अरबैल घाट, हुबळी, विजापूर असं राष्ट्रीय महामार्ग ५२ नं आलात तर हुबळी ६७० मीटरवर. कोल्हापूर साडेपाचशेच्या वर आणि आपलं सोलापूर साडेचारशेच्या वर. म्हणजे पाण्यातून बाहेर आल्यावर दोन-तीन तासांत आपण कमी दाबाच्या हवेत जातो आणि समुद्रसपाटीला परत येतच नाही.

माहितीसाठी थोडं शास्त्र. दर दहा मीटर खोलीला साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो. १८ मीटरवर तो, पृष्ठभागावरचा एक धरून, २.८ वातावरण होतो. तेवढ्या दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये जास्त विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू फुप्फुसांवाटे निघून जातो. बाहेरचा दाब फार झपाट्यानं उतरला तर त्याचे बुडबुडे होतात. गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर जे होतं तेच. यालाच बेंड्स किंवा डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. घाट चढताना बाहेरचा दाब आणखी उतरतो.

विमानाबाबतचे जे नियम सगळे सांगतात ते डॅन या गोताखोरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या २००२ च्या कार्यशाळेतून आले. एकच साधी डाइव्ह असेल तर किमान १२ तास. दिवसाला अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह असतील तर किमान १८ तास. वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागतील अशी डाइव्ह असेल तर १८ पेक्षा बरेच जास्त. हे नियम २,००० ते ८,००० फूट उंचीसाठी आहेत. २,००० फूट म्हणजे ६१० मीटर. आपले घाट नेमके या रेषेच्या आगेमागे आहेत, आणि म्हणूनच हा धागा काढलाय.

माझं मत असं : तारकर्लीत इन्स्ट्रक्टरचा हात धरून केलेल्या उथळ डाइव्हसाठी चिंता करू नका. पण नेत्राणीला सलग डाइव्ह करून त्याच दुपारी अरबैल चढणं बंद केलं पाहिजे. जाणकारांनी भर घालावी. डॉक्टर मंडळींनी तर नक्कीच.

शेंगाचटणी

होटगीरोडकर, मी मागच्या हिवाळ्यात तारकर्लीला करून आलो की. इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ सोबत होता. वर आलो, जेवलो, गाडीत बसलो, रात्री घरी. काहीसुद्धा झालं नाही. आमच्या बसमध्ये निम्मी माणसं स्कुबा केलेलीच होती. ७०० मीटर म्हणजे काय लई उंची नव्हे. लोकांना उगीच भीती बसेल असं वाटतं.

होटगीरोडकर

दादा, तुमच्या डाइव्हबद्दल मीही तेच लिहिलंय. पाच-सात मीटर खोली आणि पंधरा-वीस मिनिटं, यात नायट्रोजन फारसा साठतच नाही. अडचण पुढे येते. तुमच्यासारख्याच कुणाला पाण्याची गोडी लागते, तो कोर्स करतो, नेत्राणीला पंचवीस मीटरवर जातो आणि "मागच्या वेळी काही झालं नव्हतं" म्हणून त्याच पद्धतीनं परत निघतो. मला त्या माणसाची काळजी आहे.

सिंधुसागर_मालवण

मी इथेच इन्स्ट्रक्टर म्हणून काम करतो, म्हणून लिहितो. घाटावरचे पाहुणे आमच्याकडे भरपूर येतात, सोलापूर-सांगलीचे तर खूपच. "संध्याकाळी विमान आहे का?" हे आम्ही विचारतो. "गाडीनं कुठे जाणार आणि किती वाजता?" हे सगळीकडे विचारलं जात नाही. विचारायला हवं.

पाहुण्यांच्या डाइव्हबद्दल वर लिहिलंय ते बरोबर आहे. सहा मीटरच्या आसपास तुम्ही कितीही वेळ राहिलात तरी थेट वर आल्यावर बेंड्स होण्याची शक्यता फार कमी. तिथे खरा धोका वेगळाच असतो. श्वास रोखून वर येणं, कान न मोकळे करता खाली जाणं. त्यासाठीच आम्ही हात सोडत नाही.

प्रमाणपत्र असलेल्यांसाठी मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. डाइव्हनंतर शिरांमधून जे बारीक बुडबुडे जातात (त्रास न देणारे, डॉप्लर यंत्रावर ऐकू येतात) त्यांचं प्रमाण वर आल्यावर लगेच सर्वांत जास्त नसतं. साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत ते वाढलेलं असतं. आता मालवणहून निघालेली गाडी बघा. कणकवली, मग फोंडा, दीड-दोन तासांत घाटाच्या पायथ्याला. बुडबुडे जास्त असतानाच तुम्ही चढायला लागता. नुसतं जेवून, आंघोळ करून, किनाऱ्यावर चार-पाच तास काढून निघालात तरी बराच फरक पडतो. मुक्काम केला तर उत्तमच.

आकडेमोड

भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून आकडे मांडतो. समुद्रसपाटीला दाब १०१३ हेक्टोपास्कल धरला तर ७०० मीटरवर तो साधारण ९३२ असतो. आठ टक्के कमी. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास, तिथे पंधरा टक्के कमी. विमानाच्या केबिनमध्ये जास्तीत जास्त ८,००० फुटांइतका, म्हणजे पाव भाग कमी. त्यामुळे घाट आणि विमान एकाच मापानं मोजू नयेत, हे शेंगाचटणींचं म्हणणं खरं आहे.

पण "फक्त आठ टक्के" म्हणून सोडूनही देता येत नाही. समजा पाण्यातून वर आल्यावर एखाद्या ऊतीत विरघळलेल्या वायूचा ताण १.२० वातावरण आहे. किनाऱ्यावर बाहेरचा दाब १.००, म्हणजे जादा ताण ०.२०. त्याच क्षणी त्या माणसाला आंबोलीत नेऊन ठेवलं तर बाहेरचा दाब ०.९२ आणि जादा ताण ०.२८. बाहेरचा दाब आठ टक्क्यांनी उतरला, पण बुडबुडे घडवणारा फरक चाळीस टक्क्यांनी वाढला. शरीराला कळतो तो हा फरक.

दुसरी बाजूही आहे. रक्तासारख्या जलद ऊती काही मिनिटांत अर्ध्या रिकाम्या होतात, त्यामुळे घाट येईपर्यंत त्या मोकळ्या झालेल्या असतात. संथ ऊतींना अर्धं रिकामं व्हायलाच काही तास लागतात. एका डाइव्हमध्ये त्या भरत नाहीत, पण सलग तीन-चार दिवस रोज डाइव्ह केल्या की भरत जातात. म्हणूनच बारा आणि अठरा तास असे दोन वेगळे आकडे आहेत.

ही कल्पना जुनी आहे. हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये बोकडांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्यानं वर येण्याची पद्धत बसवली, तेव्हापासून ऊतींचे असे संथ-जलद गट मानले जातात. पुढे झुरिकच्या ब्युलमन यांनी उंचावरच्या तलावांमधल्या डाइव्हसाठी गणित केलं, आणि आज कित्येक डाइव्ह कॉम्प्युटरांत (खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र) त्यांचंच गणित चालतं.

सातरस्ता

माझ्या मावसभावाचं सांगतो. नेत्राणीला दोन दिवस डाइव्ह केल्या, दुसऱ्या दिवशी दुपारी बोटीतून उतरून थेट गाडीत. हुबळीच्या पुढे उजवा खांदा दुखायला लागला. सगळे म्हणाले सिलिंडर उचललास, गाडी चालवतोयस, म्हणून दुखतोय. पेनकिलर घेतली. विजापूरला बोटांना मुंग्या. घरी पोचल्यावर दोन दिवस अंगात त्राण नव्हतं, मग हळूहळू बरं वाटलं. दवाखान्यात गेलाच नाही. तेव्हा आमच्यापैकी कुणालाच हा विषय माहीत नव्हता. डॉक्टर कुणी असतील तर सांगा, ते बेंड्सच होतं का?

भूलतज्ज्ञ

सातरस्ता, न तपासता ठाम सांगता येणार नाही. पण डाइव्हनंतर काही तासांत खांदा किंवा कोपर खोल दुखणं आणि वर मुंग्या, असा रुग्ण माझ्यासमोर आला तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत मी ते डीकम्प्रेशन सिकनेसच मानेन. तुमचे भाऊ बरे झाले याचा आनंद आहे. सगळेच असे सुटत नाहीत. मज्जारज्जूला बाधा झाली तर पाय लुळे पडतात, लघवी अडते.

सोलापूरकरांसाठी थोडं सविस्तर लिहितो.

लक्षणं बहुतेकांना पहिल्या सहा-आठ तासांत दिसतात. आपल्या परतीच्या प्रवासाला एवढाच वेळ लागतो. त्यामुळे ती गाडीतच सुरू होतात आणि प्रवासाच्या नावावर खपतात. खांद्याला सिलिंडरचं कारण मिळतं, थकव्याला ड्रायव्हिंगचं, चक्कर येण्याला घाटातल्या वळणांचं. त्वचेवर जाळीदार निळसर-लाल चट्टे आले तर ते "वेटसूट घासला" म्हणून सोडले जातात. डाइव्हनंतरच्या चोवीस तासांत यातलं काहीही झालं तर आधी डाइव्हचा विचार करा.

करायचं काय? गाडी थांबवा. रुग्णाला आडवं झोपवा, शुद्धीवर असेल तर पाणी किंवा ओआरएस द्या. जवळच्या रुग्णालयात जाऊन शंभर टक्के ऑक्सिजन सुरू करा, पिशवी असलेल्या मास्कनं, मिनिटाला पंधरा लिटर. तो कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतो. डॉक्टरांना पहिलंच वाक्य "काल-आज स्कुबा डाइव्ह केली आहे" असं सांगा. माझ्या क्षेत्रातलं म्हणून आवर्जून सांगतो : अशा रुग्णाला वेदनेसाठी किंवा भूल देताना नायट्रस ऑक्साइड देऊ नये, तो बुडबुड्यात शिरून बुडबुडा फुगवतो. ऑक्सिजननं बरं वाटलं म्हणून घरी जाऊ नका. लक्षणं परत येतात.

खरा उपचार दाबकक्षात होतो. १८ मीटर खोलीइतका दाब देऊन शुद्ध ऑक्सिजन, आणि एकेक सत्र पावणेपाच तासांच्या आसपास. आपल्या बाजूला हा अनुभव मुख्यतः नौदलाकडे आहे, मुंबईत कुलाब्याचं अश्विनी रुग्णालय त्यासाठी ओळखलं जातं. मधुमेहाच्या जखमांसाठी ऑक्सिजन चेंबर चालवणारी केंद्रं असा रुग्ण घेतीलच असं नाही, आधी फोन करून विचारा. सोलापूरहून रस्त्यानं मुंबईला न्यायचं तर लोणावळा लागतं, तेही सहाशे मीटरच्या वर. म्हणून अख्खा रस्ता ऑक्सिजन चालू हवा. उलट लक्षणं घाटाखाली, कणकवली-सावंतवाडीकडे असतानाच सुरू झाली तर हट्टानं घाट चढून सोलापूर गाठू नका. खालीच थांबा, गोव्याकडची सोय बघा.

शेंगाचटणी

डॉक्टर, इतकं नीट समजावून सांगितल्याबद्दल आभार. आमच्या ग्रुपला हे पाठवतोय. एक शंका आहे. दोघांनी एकसारखीच डाइव्ह केली तर एकाला होतं आणि दुसऱ्याला नाही, असं का?

भूलतज्ज्ञ

कारणं अनेक आहेत. शरीरातलं पाणी कमी असणं, थंडी, डाइव्हनंतर लगेच जड श्रम, वय. शिवाय साधारण चारांपैकी एका माणसाच्या हृदयात डाव्या-उजव्या कप्प्यांमध्ये गर्भावस्थेतलं छोटं छिद्र पूर्ण मिटलेलं नसतं. एरवी फुप्फुसात गाळले जाणारे बुडबुडे अशा माणसात थेट धमन्यांकडे जाऊ शकतात. बहुतेकांना ते छिद्र आहे हे आयुष्यभर कळत नाही. म्हणूनच "मागच्या वेळी काही झालं नाही" हा पुरावा मी मानत नाही.

गिरीभ्रमण

आपले घाट सोडा, परदेशात जाणाऱ्या सोलापूरकरांनी हे जास्त जपावं. बालीला तुलांबेनचं बुडालेलं जहाज बघून त्याच दुपारी किंतामणीला ज्वालामुखी बघायला नेणारे ड्रायव्हर आहेत. बातूरचं शिखर १,७१७ मीटर. श्रीलंकेत त्रिंकोमालीला डाइव्ह करून नुवारा एलियाला चढलात की १,८६८ मीटर. इजिप्तमध्ये दहाबला डाइव्ह करणारे रात्रीच सिनाई पर्वतावर सूर्योदयासाठी निघतात, तो २,२८५ मीटर. हवाईचा मौना केआ तर ४,२०५ मीटर, आणि समुद्रावरून गाडीनं दोन-एक तासांत वर जाता येतं. तिथे स्पष्ट सांगतात की डाइव्हनंतर २४ तासांत वर येऊ नका. सहलीचा कार्यक्रम एजंट आखतो तेव्हा त्याला डाइव्ह आणि डोंगर यांचा संबंध माहीत नसतो. तो क्रम आपण बदलून घ्यायचा. आधी डोंगर, नंतर समुद्र.

जुळेसोलापूरची_मीनल

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्या सोसायटीची बस तारकर्ली करून परतताना महाबळेश्वरला मुक्काम करणार आहे. पहिल्या दिवशी स्कुबा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महाबळेश्वर. चालेल का? आणि मुलं दहा वर्षांची आहेत, ती फक्त स्नॉर्केलिंग करणार. त्यांना काही पथ्य? शिवाय माझे दीर गोव्यात कोर्स करतायत, ते सोलापूरच्या विमानानं येणार आहेत.

सिंधुसागर_मालवण

मीनलताई, मुलांना काहीच पथ्य नाही. पृष्ठभागावर नळीनं श्वास घेताना जादा दाबाची हवा शरीरात जात नाही. मुलांनी टोपी घालावी आणि पाणी प्यावं, एवढंच.

तुमचा कार्यक्रम ठीक आहे. उथळ डाइव्ह आणि मध्ये एक पूर्ण रात्र. सकाळी दहाला डाइव्ह झाली असेल तर महाबळेश्वर गाठेपर्यंत तीस तास होतात.

दिरांना मात्र विमानाचे नियम पूर्ण लागू. प्रवास तासाभराचा असला, विमान छोटं असलं तरी सूट नाही. कोर्समध्ये सलग काही दिवस डाइव्ह होतात, म्हणून शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास. आम्ही सगळ्यांना २४ सांगतो, लक्षात ठेवायला सोपं. त्यांना सांगा, शेवटची डाइव्ह सकाळची घ्या आणि विमान दुसऱ्या दिवशीचं.

आकडेमोड

१८ तासांबद्दल एक भर. हे आकडे ज्या प्रयोगांवर बेतलेत ते अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९९० च्या दशकात झाले. स्वयंसेवक कोरड्या दाबकक्षात निवांत बसलेले होते. त्यांना गार पाणी नव्हतं, प्रवाहाविरुद्ध पोहणं नव्हतं, बोटीवर सिलिंडर चढवणं नव्हतं. म्हणून या आकड्यांच्या आधी "किमान" आहे.

ज्यांना घाटासाठी बारकाईनं बघायचंय त्यांच्यासाठी अमेरिकी नौदलाच्या डायव्हिंग मॅन्युअलमध्ये वेगळा तक्ता आहे. डाइव्हच्या खोली आणि वेळेवरून एक गट ठरतो, आणि त्या गटाला कोणत्या उंचीवर जायला किती थांबावं लागेल ते तासा-मिनिटांत दिलंय. सुरुवात १,००० फुटांपासूनच होते. हलक्या गटांना आपल्या घाटांइतक्या उंचीसाठी थांबावं लागत नाही, जड गटांना तास वाढत जातात. मला हा दृष्टिकोन जास्त पटतो. सरसकट भीतीही नको आणि सरसकट बेफिकिरीही नको.

सातरस्ता

डाइव्ह कॉम्प्युटरवर विमानाचं चिन्ह येतं, ते गेलं की निघायचं, असं भाऊ म्हणतो. तेवढं पुरेसं आहे का?

सिंधुसागर_मालवण

विमानाचं चिन्ह गेलं असेल तर आपल्या घाटांसाठी ते पुरेसं समजा. ते विमानाच्या उंचीसाठी असतं, त्यामुळे घाटाला थोडं जास्तच थांबायला लावतं. काही कॉम्प्युटर मात्र नुसतं २४ तासांचं घड्याळ लावतात, काही गणित करतात. आपला कोणता ते माहितीपुस्तकात बघा. आणि कॉम्प्युटर भाड्याचा असेल, आदल्या दिवशी तो दुसऱ्याच्या मनगटावर असेल, तर त्याला तुमच्या शरीराबद्दल काहीच माहीत नाही.

नायट्रॉक्स (ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलेली हवा) वापरणाऱ्यांना नायट्रोजन कमी मिळतो. तेवढी जादा सुरक्षितता मिळते, पण थांबायचा वेळ कापायला ती वापरू नका.

होटगीरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं.

आमच्या ग्रुपचं नेत्राणीचं बुकिंग शनिवार-रविवार होतं आणि रविवारी दुपारी निघायचं ठरलं होतं. आज फोन करून शुक्रवार-शनिवार करून घेतलं. शनिवारी दुपारी एकपर्यंत शेवटची डाइव्ह, मुक्काम मुरुडेश्वरलाच, रविवारी सकाळी आठला निघून अंकोल्याला नाश्ता. अरबैलच्या पायथ्याशी पोचेपर्यंत वीस तास होऊन जातील. चौघांपैकी दोघं गाडी चालवणारे आहेत, दर दोन तासांनी बदलणार. बोटीवर ऑक्सिजन किट आहे का, हेही त्यांना विचारलं. आहे म्हणाले, आणि मास्क कोणता तेही सांगितलं. ज्यांचं बुकिंग व्हायचंय त्यांनी हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा.

शेंगाचटणी

होटगीरोडकर, गाडीत एक जागा रिकामी असेल तर कळवा. माझा कोर्स पुढच्या महिन्यात पूर्ण होतोय.